गुरगुरले, फणकारल्या, चाचरले

आमच्या घरात नुसतं बोलणं असं कुणाला जमतच नसे. जळगावात रेल्वेच्या रुळांजवळ आमच्या दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि रस्त्यावर निघालेली एक गॅलरी होती. मालगाडी जात असली की जे काय सांगायचं ते ओरडून सांगायचं, ही सवय सगळ्यांच्याच अंगवळणी पडली होती, आणि गाडी निघून गेली तरी आवाज खाली यायला बराच वेळ लागे. आई भाजीवाल्याशी भांडायची ती गॅलरीतून, आणि समोरच्या मारवाडी काकू तिच्या बाजूने भांडायच्या त्या त्यांच्या गॅलरीतून, त्यामुळे भाजीवाला बिचारा मान वर करकरून टेकीला यायचा. वांगी भाजताना आई वांग्यांशी बोलायची, दूध तापवताना दुधाला दम द्यायची. अपवाद एकच, आमचे भाऊ. वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो. ते कोर्टात साक्षीदारांच्या जबान्या लिहून घ्यायचे. दिवसभर लोकांची रडारड, शपथा, शिव्या कानांनी ऐकायच्या आणि हाताने लिहायचं ते एवढंच, की साक्षीदार म्हणतो की. मी एकदा विचारलं, "भाऊ, साक्षीदार रडला तर?" तर भाऊ चष्मा पुसत म्हणाले, "ढसाढसा रडला तरी कागदावर तो म्हणतोच. मी रडणं लिहायला लागलो तर संध्याकाळी घरी कोण येणार?"

मला तेव्हा ही मोठीच गरिबी वाटायची. कारण त्याच वर्षी आमच्या मराठीच्या बाईंनी माझी पहिली कथा मला परत दिली होती. कथा अकरा पानांची, विहिरीत पडलेल्या सावत्र मुलीची, फार करुण. बाईंनी कथेबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. फक्त प्रत्येक 'म्हणाला' आणि 'म्हणाली' भोवती लाल शाईने गोल काढला होता, आणि खाली लिहिलं होतं, 'एकूण त्रेपन्न. तुझी माणसं नुसती म्हणतात. ती कधी खेकसत नाहीत का? कुजबुजत नाहीत का?' मी घरी आले ती तरंगतच. आजही मला कुणी एखादी नवी गोष्ट शिकवली की मी ती मीठ-मिरची न बघता सगळ्या पदार्थांत घालते, ही खोड तेव्हापासूनची. एक शंभर पानी वही घेतली आणि क्रियापदं गोळा करायला लागले. पुटपुटणे, कुजबुजणे, खेकसणे, डाफरणे, तणतणणे, करवादणे, दरडावणे, फिस्कारणे. आईच्या एका सकाळीत मला सात मिळाली. 'विव्हळणे' शेजारच्या काकांच्या दाढदुखीत सापडलं. सदुसष्ट झाली तेव्हा मी गॅलरीत उभी राहून मोठ्याने यादी वाचून दाखवली आणि समोरच्या काकूंनी टाळ्या वाजवल्या. रोजनिशीतसुद्धा माझा दूधवाला 'लिटर की दीड?' असं उद्गारायचा, आणि आई 'दीड' असं वदायची. पंधरा-सोळाचं वय, दुसरं काय.

आता कुमुदताईबद्दल. ती माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, बी.ए. झालेली, आणि भाऊंच्या वळणावर गेलेली, म्हणजे कमी बोलणारी. तिच्यासाठी स्थळं बघणं चाललं होतं. शिंदखेड्याचं एक आलं. मुलगा दिनकर, तिथल्याच हायस्कुलात गणित शिकवणारा. पत्रिका-बित्रिका जमली होती, पण खरी पत्रिका आमच्याकडे एकच होती आणि ती धुळ्याला राहायची. भाऊंची मोठी बहीण, माझी आत्या, जिला सगळं गाव अक्का म्हणायचं. भाऊंची आई लवकर गेल्यावर अक्काने त्यांना लहानाचं मोठं केलं होतं, स्वतःच्या बांगड्या मोडून शिकवलं होतं, त्यामुळे अक्का हो म्हणाली तर हो आणि नाही म्हणाली तर नाही. भाऊ न्यायाधीशासमोर उभे राहायला घाबरत नसत, पण अक्काचं कार्ड आलं की उभं राहून वाचत. ती मुलगा बघायला स्वतः येणार होती, पण गच्चीच्या जिन्यावरून पाय घसरला आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. तिचा निरोप आला: पाहुणे येऊन जाऊ द्या, आणि मला सगळं लिहून कळवा. वसंताने, म्हणजे भाऊंनी, लिहायचं नाही, वसंताच्या कागदात सगळे सारखेच बोलतात. धाकट्या शकूला लिहू द्या, तिचा हात मोकळा आहे. कोण काय बोललं आणि कसं बोललं, काही सोडायचं नाही.

कसं बोललं! मला वाटलं, देवाने आणि अक्काने मिळून माझ्या वहीसाठीच हा योग आणला आहे.

पाहुणे रविवारी आले. मुलाचे वडील, ज्यांना सगळे नाना म्हणत होते, मुलाची आई, मुलाचे मामा आणि मुलगा. घरात सकाळपासून वांगी भाजल्याचा वास भरलेला. आईने भरीत केलं होतं, कळण्याच्या भाकरी, वर केळ्याचे वेफर्स आणि शेव. नाना दारातच तीनदा शिंकले. प्रवासात त्यांना सर्दी झाली होती आणि आवाज पार घोगरा झाला होता. मामांना ऐकू कमी यायचं, म्हणून जगाला ऐकू येईल असं बोलायचे. मुलाची आई साधी, नाकात बोलणारी बाई. दिनकर उंच, किडकिडीत, बसला तर गुडघे कुठे ठेवावे हे न कळणारा. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते आणि कुणी तोंड उघडलं की मनात क्रियापद शोधत होते. माणसं मला दिसतच नव्हती म्हणा ना. मला नुसती त्यांच्या वाक्यांची शेपटं दिसत होती.

जेवणं झाल्यावर मामा मोठ्याने म्हणाले की मुलामुलीला दोन शब्द बोलू द्या, आता काळ बदलला आहे. रस्त्यावरच्या चार लोकांनीही ते ऐकलं. मग ताई आणि दिनकर गॅलरीत गेले, आणि सोबत म्हणून मला पाठवलं. दोघं कठड्याकडे बघत उभे. दिनकरने विचारलं, "तुम्हाला मला काही विचारायचं आहे का?" आमच्या मुखदुर्बळ ताईने विचारलं, "शाळेत मुलं तुम्हाला काय नावाने चिडवतात?" मी गार झाले. मुलीने पगार विचारला तरी लोक नावं ठेवायचे, आणि ही हे विचारते! दिनकरचे कान लाल झाले. त्याने एकदा आत बघितलं, मग खाली बघितलं आणि अडखळत म्हणाला, "कर्कटक." त्या लांब पायांकडे बघितल्यावर मुलांचं काही चुकलं नव्हतं. पुढे तिथे काय झालं त्याकडे माझं लक्ष नव्हतं. माझ्या डोक्यात एकच आनंद उसळत होता. 'चाचरणे' हे क्रियापद वहीत कोरं पडून होतं, आणि आता ते वापरायला मिळणार होतं.

पत्र मी दोन दिवस लिहिलं. चार मोठी पानं. त्यातलं मला अजून तोंडपाठ आहे. 'प्रवास बरा झाला,' नाना गुरगुरले. 'राहू द्या हो, एवढं कशाला केलंत?' मुलाच्या आई फणकारल्या. 'पाणी!' मामा कडाडले. 'मी आठवी ते दहावीला गणित शिकवतो,' दिनकरराव पुटपुटले. 'घे रे अजून भरीत,' त्यांच्या आई त्यांच्यावर खेकसल्या. 'भरीत उत्तम झालंय,' नाना पुन्हा गुरगुरले. आणि शेवटच्या पानावर माझा सगळ्यात आवडता भाग: 'क... क... कर्कटक,' दिनकरराव चाचरले. दोन जास्तीचे 'क' मी माझ्या पदरचे घातले होते, कारण एका 'क'ने चाचरणं नीट दिसत नव्हतं. ताईचा प्रश्न मात्र मी लिहिला नाही. अक्काला तो आगाऊपणा वाटला असता, आणि ताईला बोल लागलेला मला नको होता. ताईने चहा घ्या म्हटलं, हो म्हटलं, नमस्कार करते म्हटलं, तेवढंच लिहिलं. भाऊंना पत्र वाचायला दिलं तर त्यांनी न वाचताच पाकीट चिकटवून माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "दुसऱ्याची जबानी आपण दुरुस्त करायची नसते." इतका भला माणूस मी पुन्हा पाहिला नाही, आणि इतक्या चुकीच्या वेळी भला असलेलाही.

पुढच्या आठवड्यात बुधवारी दुपारी अक्काचं उत्तर आलं. साधं पोस्टकार्ड, त्यामुळे आमच्या आधी ते पोस्टमनने वाचलं होतं. कार्ड देताना तो हळहळत म्हणाला, "तोतरा निघाला का हो मुलगा?" आईला काही कळेना. भाऊ नुकतेच जेवायला घरी आले होते. ते उभे राहिले आणि मोठ्याने वाचायला लागले. कार्ड अक्काचे शेजारी आबा यांच्या हातचं होतं, पण शब्द तिचे होते:

'चि. वसंतास अनेक आशीर्वाद. शकूचा कागद पोचला. आबांनी वाचला, गल्लीने ऐकला. बाप गुरगुरतो, आई पोटच्या पोरावर खेकसते, मामा कडाडतो, आणि मुलगा तोतरा असून भलतंच काहीतरी बरळतो. तोतऱ्या मास्तरला शाळेतली पोरं जगू देत नाहीत, आणि तो घरी येऊन बायकोला जगू देत नाही. आपली कुमुद या घरी द्यायची नाही. आमच्या गल्लीतले कापडवाले शेठ शुक्रवारी शिंदखेड्याला बाजाराला जातात, त्यांच्यासोबत नकाराचा निरोप धाडते. काळजी करू नये. पाय बरा आहे.'

भाऊंनी कार्ड उलटंपालटं केलं. "मी तिथेच होतो," ते म्हणाले. "नाना कधी गुरगुरले?" आई म्हणाली, "आणि तोतरा कोण? चांगला पाढे म्हणतो तो!" मग दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे बघितलं. मी वही छातीशी धरून उभी होते. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणीसुद्धा मनाच्या एका कोपऱ्यात मला वाटलं की काय पत्र लिहिलंय मी, आख्खी गल्ली हलवली! दुसऱ्याच क्षणी ताई उठून आत गेली आणि स्वयंपाकघराचं दार लागलं. ते दार आम्ही कधी लावत नसू. मग मात्र मी वही खाली ठेवली. मी रडत रडत सगळं कबूल केलं, बाई, लाल गोल, सदुसष्ट क्रियापदं, पदरचे दोन 'क'. "कार्टे!" आई म्हणाली, आणि हा शब्द ती कशी म्हणाली ते तुम्हीच ठरवा. भाऊंनी घड्याळ बघितलं. शुक्रवार परवावर आला होता. त्यांनी रजेचा अर्ज लिहायला घेतला.

गुरुवारी पहाटेच्या एस.टी.ने आम्ही निघालो. भाऊ खिडकीशी बसले आणि एरंडोल गेलं तरी बोलेनात. मला वाटलं, आता हे आयुष्यभर बोलणार नाहीत. पारोळ्याला गाडी थांबली, त्यांनी मला भजी घेऊन दिली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "गुरगुरले म्हणजे नानांनी नक्की काय केलं गं?" मी म्हणाले, "त्यांना सर्दी झाली होती." भाऊंनी ओठ घट्ट मिटले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मग ते इतक्या मोठ्याने हसले की कंडक्टर मागे वळून बघायला लागला. मी त्यांना असं हसताना पहिल्यांदाच बघत होते. "सर्दीचा गुन्हेगार केला तू माणसाला," ते डोळे पुसत म्हणाले, "आमच्या कोर्टातसुद्धा इतकं होत नाही." हसून झाल्यावर मात्र गंभीर झाले. "पण अक्काचा शब्द एकदा गल्लीत गेला की मागे घेत नाही ती. तिथे मी बोलणार नाही. माझं ती ऐकणार नाही. तुझा कागद आहे, तूच साक्ष द्यायची." मी उरलेली भजी कागदात गुंडाळली.

धुळ्याला अक्काच्या अंगणात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालणं चाललं होतं. ज्वारीचं शिजवलेलं गरम पीठ मोठ्या पातेल्यात, आठ-दहा बायका, कुणी पीठ घोटतंय, कुणी ओल्या कापडावर बिबडे थापतंय, कुणी कापडं उचलून गच्चीवर नेतंय. खाटेवर मधोमध अक्का, प्लास्टरचा पाय उशीवर, आणि त्या पायावरूनच तिचं सगळ्यांवर लक्ष. आल्या आल्या माझ्या हातात गरम पिठाची वाटी आली, वर तेल आणि तीळ. इतकं चविष्ट खाणं आणि इतकी भीती मी एकत्र कधी अनुभवली नव्हती. अक्काचे मालक, आमचे बापू, कोपऱ्यात आरामखुर्चीत हसत बसले होते. त्यांना मुळीच ऐकू येत नसे, म्हणून ते कायम खूश असत.

"ये व माय," अक्का म्हणाली. "बस आठे. आबाले बलावा रे कोनी."

आबा म्हणजे शेजारचे पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ. ते आले आणि माझ्या पत्राची गल्लीत काय दशा झाली असेल ते मला एका नजरेत कळलं. भरघोस मिश्या, गळ्यात उपरणं, आणि चालणं असं की मागून पडदा वर जातोय. तरुणपणी गावच्या नाटकांत ते खलनायक करायचे. अक्काला वाचता येत नसे, तिचे सगळे कागद आबाच वाचायचे, आणि बायका हातातली कामं टाकून ऐकायला यायच्या. त्यांनी खिशातून माझं पत्र काढलं, घसा खाकरला आणि सुरू झाले. "'प्रवास... बरा... झाला!' नाना गुरगुरले!" आणि ते खरोखर गुरगुरले. अंगणातली मांजर उठून गेली. 'फणकारल्या'ला त्यांनी उपरण्याचा पदर करून झटका दिला. 'मामा कडाडले'ला एका बाईच्या हातून बिबडा दुमडला. माझ्या प्रत्येक क्रियापदात मी थोडी हवा भरली होती, आबांनी त्याचे फुगे केले होते.

अक्काने हात वर केला. "थांबा. शकू, आते तू सांग. हाऊ माणूस खरंच गुरगुरस का?"

"नाही अक्का. त्यांना सर्दी झाली होती."

"मंग कसाले लिखं?"

"म्हणाले, म्हणाले सारखं लिहिलं तर वाईट दिसतं," मी म्हणाले.

बायका खसखसल्या. अक्काच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "मुलानी माय फणकारनी म्हंजे काय करं तिनी? करी दखाड माले."

मी उभी राहिले, नाकात आवाज काढला आणि जसं होतं तसं म्हणून दाखवलं, "राहू द्या हो, एवढं कशाला केलंत?" अक्का म्हणाली, "हाई तं गरीब बाई शे." मग मामा. मी कानामागे हात धरून ओरडले, "पाणी!" आणि कोपऱ्यातले बापू एकदम म्हणाले, "काय? कोन उनं?" कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्यांना ऐकू गेलं होतं! अंगणभर असा हशा झाला की पीठ घोटणारी बाई पातेलं सोडून खाली बसली. हळूहळू मला चेव चढला. मी नानांची सर्दी केली, तीन शिंकांसह. दिनकरचे गुडघे केले. आबा बाजूला उभे राहून मला आवाज सुचवायला लागले, चूक सुधारायला लागले. भाऊ भिंतीला टेकून पुन्हा खांदे हलवत होते. एकेक माणूस माझ्या शब्दांतून सुटून साधा होऊन खाली बसत होता, आणि मला वाटलं, जिंकलं.

"आनि त्ये कर्कटक?" अक्काने विचारलं. "त्ये काय शे? गणितना मास्तर उगाच कर्कटक कसाले म्हनी?"

खरं सांगावं तर ताईचा आगाऊपणा उघडा पडणार. लपवावं तर दिनकर चक्रम ठरणार. मी भाऊंकडे बघितलं. त्यांना तो प्रश्न माहीत नव्हता, गॅलरीत ते नव्हतेच. ते एवढंच म्हणाले, "जे घडलं ते."

मग मी सांगितलं. ताईने काय विचारलं ते, आणि तो खोटं बोलला नाही, ते. आणि चाचरला नव्हता, लाजला होता, तेही. एका म्हातारीने 'अगं बाई' म्हणून तोंडावर हात ठेवला. अक्का खाटेवर सरसावून बसली.

"आबा," ती म्हणाली, "कागदमा कुमुद काय बोलनी, तेवढं वाचा."

आबांनी पानं चाळली. त्यांना अभिनय करायला काही सापडेना. "'चहा घ्या,' ताई म्हणाली," त्यांनी वाचलं. "'हो,' ताई म्हणाली. 'नमस्कार करते,' ताई म्हणाली." एवढंच.

"बठ्ठास्ना आवाज लिखा तू," अक्का म्हणाली. "सर्दीना बी लिखा. कुमुदना आवाज कोठे शे?"

खरं उत्तर फार लाजिरवाणं होतं. ताईचं बोलणं मला रोजचंच. पाहुण्यांवर सदुसष्टातली चांगली चांगली क्रियापदं उधळताना तिच्यासाठी एखादं खर्च करावं असं माझ्या मनातच आलं नव्हतं. जिच्यासाठी सगळा घाट घातला होता, तिच्याकडे त्या दिवशी बघणारं मी धरून कुणीच नव्हतं. आज इतकी पुस्तकं लिहून झाल्यावरही मला कधीकधी हीच धास्ती वाटते, की कागदावर ज्यांचा आवाज मोठा त्यांच्याचमागे मी धावत असेन.

"त्याने कर्कटक म्हटल्यावर काय व्हयनं?" अक्काने हळू विचारलं.

मी डोळे मिटले. गॅलरी, कठडा, खाली जाणारी केळ्यांची हातगाडी. दिनकरचे लाल कान. आणि मग मला ऐकू आलं, अकरा दिवसांनी, धुळ्याच्या अंगणात. "हसली," मी म्हणाले. "ताई हसली, अक्का. मोठ्याने. तोंडाला पदरसुद्धा लावला नाही."

"आनि तो?"

"तोही हसला. मग दोघंही थांबेचनात. मालगाडी आली म्हणून आत कुणाला ऐकू गेलं नाही."

अक्काने प्लास्टरवरून हात फिरवला आणि बापूंकडे बघितलं. "मनं लगीन व्हयनं तवय माले कोनी काही इचारं नही," ती म्हणाली. "मी बी यास्ले काही इचारं नही. आते इचारस, तं यास्ले आयकू येत नही." बायका हसल्या, बापू काही न कळता त्यांच्यात सामील झाले, आणि अक्काही हसायला लागली. हसता हसता तिने पदराने डोळे टिपले. ते हसण्याचं पाणी होतं की कसलं, ते मी तेव्हा विचारलं नाही आणि आता ठरवणार नाही. मग तिने कापडवाल्या शेठना बोलवून घेतलं. "शेठ, सकाळना निरोप बदलना," तिने सांगितलं. "शिंदखेडाले सांगा, पोर आमनी दिधी. आनि नानाले सुंठना काढा प्याले सांगा."

आम्ही जळगावला पोचलो तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. जिना मी दोन-दोन पायऱ्यांनी चढले. आई गॅलरीतच उभी होती. भाऊंनी खालूनच मान हलवली आणि आईने समोरच्या काकूंना ओरडून सांगितलं, त्यांनी त्यांच्या खालच्यांना, म्हणजे आमच्या रस्त्याला बातमी कळली तेव्हा ती ताईला अजून कळायची होती. ती स्वयंपाकघरात वांगं भाजत पाठमोरी बसली होती. मालगाडी चालली होती, म्हणून तिला बाहेरचं काही ऐकू आलं नसावं. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले.

"काय म्हणाली अक्का?" तिने न वळता विचारलं.

तिचा आवाज पार बसलेला होता. दोन दिवस रडलेल्या माणसाचा असतो तसा. बुधवारी दुपारपासून रात्रभर मी त्याच घरात होते, तिच्याच शेजारी झोपले होते, आणि माझ्याच चुकीसाठी इतकं रडत होते की तिचं रडणं मला ऐकूच आलं नव्हतं.

"हो म्हणाली," मी म्हणाले. "अक्काने शेठजींबरोबर होकार धाडला."

ताई वळली. हातात चिमटा, गालाला राख. आधी तिने माझ्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. मग मला जवळ ओढलं, आणि आम्ही दोघी त्या धुरात खोकत, हसत, एकमेकींना धरून उभ्या राहिलो. मागे वांगं करपत होतं आणि आई वांग्याच्या नावाने ओरडत होती.

"चार पानं लिहिलीस," ताई माझ्या कानाशी म्हणाली. "आधी मला एकदा विचारायचंस तरी."

"काय विचारायचं?"

"तो मला कसा वाटला ते. मी सांगितलं असतं, मला आवडलाय. एवढंच लिहायचं होतं, शके."